कपाळातून उगवलेला खांब

शुक्रवारी पहाटे हुफूफच्या बाहेर,
खजुरांची रांग संपते आणि वाळू रुळांवर चढू बघते तिथे
मी पिकअप लावून बोनेटवर कोपर टेकतो.
दम्मामहून कंटेनर घेऊन येणारी मालगाडी
पावणेसहाची म्हणतात, येते आपल्या मर्जीने.
आधी रूळ बोलतात, मग थरथरणारा एक दिवा,
मग दोन इंजिनं, तोंडाला वाळूचं पीठ फासलेली.

गेल्या मोसमात स्पर्धेला पाठवलेला फोटो परत आला.
शेरा होता : मागचा खांब इंजिनाच्या कपाळातून उगवलाय.
बघितलं. खरंच उगवला होता. मान्य.
पण निवडलेल्या बारांत सातवा फोटो वोससाहेबांचा,
इंजिन तसंच, वळण तेच, आणि खांब
(मी मुद्दाम जाऊन पाहिला)
किलोमीटर एकशे बेचाळीसचा, तोच.
खाली लिहिलेलं : खांबामुळे चौकटीला आलेली उभी लय.

दुसऱ्या खेपेला सूर्य गाडीच्या पाठीशी राहिला.
तोंड अंधारात, म्हणाले.
कतीफच्या अय्यूबच्या इंजिनाला तर तोंडच नव्हतं,
नुसता काळा ठोकळा आणि कडेनं सोनेरी धूळ.
ते धाडस.

तिसऱ्या खेपेला मी शहाण्यासारखा वागलो.
ऊन खांद्यामागून, क्षितिज पाणसळीत,
खांब नाही, तार नाही, उंट तर नाहीच.
स्वच्छ आहे, म्हणाले,
पण असं पुष्कळदा पाहिलंय.

खोलीवर बशीर कांदा चिरता चिरता हसला :
अरे, इंजिनाचा फोटो तो, मुलीचं स्थळ आहे का
की एकदा काळी म्हणून नाकारतात, एकदा साधी म्हणून?

मला हसू आलं नाही.
मी पाइपांचे जोड तपासतो.
एक्स-रेची फिल्म उजेडाच्या पेटीवर ठेवायची,
बुडबुडा दिसला की पट्टी लावायची.
एवढा चालतो. एवढा चालत नाही.
भेग ही भेग. तिला लय म्हणत नाहीत आमच्यात.
पुस्तक आहे, पानं आहेत, पानांवर आकडे आहेत.
हे मी बशीरला दोनदा ऐकवलं.
तिसऱ्यांदा त्यानं कुकरची शिट्टी काढून पुसायला घेतली.

मग परवा जुन्या फिल्मा खोक्यात भरताना
दोन एकावर एक आल्या.
मार्चमधली : रात्रीचे दोन, ट्रेलर फाटकात उभा,
फोरमन चहा घेऊन आलेला. पास. खाली माझी सही.
एप्रिलमधली : सकाळी नऊ, रामसूरतचा जोड. नापास.
सही तीच, जरा जास्त दाबून केलेली.
पट्टी लावली.
पुन्हा लावली.
बुडबुडे सख्खे भाऊ.

रामसूरतनं तेव्हा काही विचारलं नव्हतं.
ग्राइंडर लावून जोड कापला,
शेहेचाळीस डिग्रीत, गुडघ्याखाली गोणपाट घेऊन
पुन्हा भरला. त्या दिवसाचा ओव्हरटाइम गेला.
एप्रिलची ती तारीख माझ्या ओळखीची निघाली.
आदल्या संध्याकाळीच
उभ्या लयीचा तो खांब मी पाहून आलो होतो.

आज तो बरोबर आलाय. मीच म्हटलं, चला.
का, ते त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
वाटेभर झोपला, आता गमछा डोक्याला गुंडाळून
चुकीच्या जागी उभा आहे, अगदी वळणाच्या तोंडावर.
सरका म्हणायला तोंड उघडलं
तोच गाडी आली.
त्यानं हात केला. ड्रायव्हरनं भोंगा दिला, लांबलचक,
कुंपणापलीकडे दोन उंटांनी माना फिरवल्या.
मी बटण दाबलं.

कंटेनर मोजत राहिलो, एकसष्टनंतर चुकलो.
धूळ बसली तसा रामसूरत जवळ आला,
कॅमेऱ्याच्या काचेवर तळहाताची सावली धरून वाकला :
साहेब, ठीक आलाय ना?

थांबा, म्हटलं.
खोलीवर जाऊन उजेडात बघतो.